ज्याची रेघ त्याने पुसायची

भुतं रात्रीच भेटतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा मे महिन्यात दुपारी दोन वाजता कंटेनर यार्डात जाऊन उभं राहावं. दिवा असू द्या जवळ, तो आपल्यासाठी, ऐकणाऱ्यांसाठी. प्रभाकर घरतला जे भेटलं ते लख्ख उन्हात भेटलं, आणि प्रभाकर काही आपल्या सावलीला भिणारा माणूस नव्हे. पनवेलहून जासईकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्या यार्डात त्याची बावीस वर्षं गेली होती.

गुरुवारची सकाळ होती आणि काम अगदी साधं होतं. फौजेतून येऊन अकरा वर्षं यार्डात सुपरवायझर राहिलेल्या एझरा चेऊलकरांचं कपाट रिकामं करायचं आणि त्यातलं सामान रविवारी त्यांच्या घरी पोचवायचं. एझरा जानेवारीत गेले. त्यानंतर चार महिने ते कपाट बंदच होतं, कारण किल्ली प्रभाकरकडे होती आणि प्रभाकरला रोज काही ना काही निमित्त सापडत होतं. शेवटी मॅनेजर म्हणाले, "घरत, सोमवारी नवीन सुपरवायझर येतोय. कपाट लागेल." तेव्हा कुठे त्याने ते उघडलं.

आत फार काही नव्हतं. वाचायचा चष्मा, घरच्यांचा फोटो, लोकरीची कानटोपी आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा. फोटोत एझरा, रूबीवहिनी, मुलगा ओमेर आणि मुलगी निरीत. दोन्ही मुलं इस्रायलला जाऊन स्थायिक झाली, तेव्हापासून एझरा जेवताना हा फोटो टेबलावर उभा करायचे. "चौघं बसल्याशिवाय आमच्याकडे घास उचलत नाहीत," असं म्हणायचे आणि प्रभाकरच्या डब्यातली अळूवडी बिनदिक्कत उचलायचे.

कानटोपी बघून प्रभाकरला हसू आलं. पनवेलच्या उकाड्यात कानटोपी! पण एझरांना बारमाही थंडी वाजायची. वैशाखातसुद्धा चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून बसायचे. उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं नव्हती. नव्व्याण्णवच्या लढाईत, वर बर्फात, ती गेली होती. "काय सुभेदार, आली का ऊब?" असं प्रभाकर विचारायचा. "येईल, येईल," म्हणायचे.

पत्र्याच्या डब्यात खडू होते. ते का होते, हे सांगायला हवं.

यार्डात कंटेनरला डब्बाच म्हणतात. रिकामा डब्बा आला की मजूर आत शिरून झाडून घेतात, मग दार लावायचं आणि स्टॅकर नावाचं अवाढव्य यंत्र तो उचलून चार-चारांच्या चळतीत रचून ठेवतं. डब्बा चाळीस फूट लांब. खिडकी नाही, झरोका नाही, दाराचे लोखंडी दांडे फक्त बाहेरून पडतात. म्हणून एझरांचा एक नियम होता. आत जाणाऱ्या प्रत्येक माणसामागे ते दारावर खडूची एक रेघ ओढायचे. बाहेर येणाऱ्याने आपली रेघ आपल्या हाताने पुसायची. दुसऱ्याने पुसायची नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना. दारावर एक जरी रेघ दिसली तरी दांडा पडायचा नाही. आखूड बोटांमुळे त्यांची रेघ खाली येता येता डावीकडे वळायची आणि तिला छोटं शेपूट फुटायचं. यार्डातलं कुत्रंसुद्धा ती रेघ ओळखेल, असं स्टॅकर चालवणारा कुंदन म्हणायचा.

घरीही तोच शिरस्ता. दाराच्या चौकटीवर मेझुझा, म्हणजे ज्यूंच्या दारावर असते ती, आत पवित्र वचनं ठेवलेली पितळेची छोटी नळी. बाहेर पडताना तिला बोटं लावून ती ओठांना न्यायची, आणि खाली चौकटीवर आपली रेघ ओढायची. परत आलं की पुसायची. खडू रूबीवहिनींच्या शाळेतून यायचे. "मुलांच्या तोंडचे खडू पळवतात आणि वर देशभक्त म्हणवतात," असं त्या चारचौघांत म्हणायच्या.

हे सगळं कुठून आलं, ते एझरांनी अकरा वर्षांत एकदाच सांगितलं होतं. ते चौघे वरच्या चौकीवरून उतरत होते. बर्फाचं वादळ, हातभर पुढचं दिसेना. दर शंभर पावलांवर गिनती व्हायची. पुढच्याने एक म्हणायचं, मागच्याने दोन, त्यामागे तीन, चार. तिसरा होता गोरख, घाटावरचा, आईचा एकुलता एक. एका गिनतीला त्याचा आवाज आला नाही. "कुणीतरी त्याच्या वतीनं तीन म्हणालं," एझरा म्हणाले. "घसा बसला असेल बिचाऱ्याचा, असं वाटून. चांगुलपणानंच. खाली आलो तेव्हा आम्ही तिघेच होतो." मग त्यांनी ग्लासातला थंड झालेला चहा पिऊन टाकला.

हॉस्पिटलात शेवटच्या भेटीत ते एवढंच बोलले होते, "प्रभाकर, रेघा सोडू नकोस." प्रभाकरने त्यांच्या हातावर हात ठेवून शब्द दिला होता.

आता शब्द द्यायला काय लागतं! प्रभाकर रेघा ओढत होता, नाही असं नाही. पण त्या गुरुवारी अकरा डब्बे अडून बसले होते, फाटकाबाहेर ट्रेलरची रांग लागली होती आणि ड्रायव्हर हॉर्नवर कोपर टेकून झोपल्यासारखे वाजवत होते. झाडणाऱ्या बायका एका डब्ब्यातून निघून तशाच दुसऱ्यात शिरत होत्या. रेघा पुसायला त्यांना परत कोण बोलावणार? प्रभाकरने दारातून आत डोकावून "कोण आहे का रे?" असं ओरडायचं, उत्तर आलं नाही की शर्टाच्या बाहीने सगळ्या रेघा एका फटक्यात पुसायच्या आणि कुंदनला हात करायचा, असं चालवलं. मेच्या उन्हातून डब्ब्यात पाहिलं की डोळ्यांपुढे निव्वळ काळोख येतो, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? पण घाईला डोळे नसतात. साडेअकराला अकराही डब्बे चळतीत गेले आणि तो समाधानाने कपाट आवरायला बसला.

दोन वाजता मुकादम अनंता केबिनच्या दारात येऊन उभा राहिला.

"सायेब, साळू जेवाया नाय आली."

साळू त्याच्या वाडीवरचीच. वीटभट्टीचा हंगाम संपला म्हणून आठ दिवसांपूर्वी कामावर आलेली, घरी दोन लेकी असलेली बाई.

"घरी गेली असेल."

"नाय सायेब. सकालधरनं आंगात ताप व्हता तिच्या. आन... चपला हितंच हायत तिच्या."

प्रभाकरने अनंताच्या हातातल्या चपला पाहिल्या. मग त्याचं लक्ष आपल्या उजव्या बाहीकडे गेलं. ती कोपरापर्यंत पांढरी झाली होती.

तो कसा उठला, कसा धावला, हे त्याला पुढे कधीच आठवलं नाही. साडेअकरा ते दोन. अडीच तास. त्या उन्हात डब्ब्याच्या पत्र्यावर नुसता तळवा टेकला तर फोड येतो. आत काय होत असेल, हा विचार तो करू शकत नव्हता आणि दुसरा विचार त्याला येत नव्हता. "मी मारली तिला," एवढंच तो पुटपुटत होता.

चळतींपुढे येऊन तो थांबला. दीडशे-दोनशे डब्बे, चार-चार मजले, सगळ्यांची दारं एकाच बाजूला. सकाळचे अकरा त्यांत इकडेतिकडे वर-खाली गेलेले. एकेक उतरवायचा म्हटलं तर दोन तास. आतून कोणी दार बडवलं असतं तरी यंत्रांच्या घरघरीत ऐकू येणं शक्य नव्हतं.

"कुंदन!" तो ओरडला. "मशीन बंद कर! सगळी मशिनं बंद करा!"

एकेक इंजिन थांबलं. यार्डात कधी नव्हे ती शांतता पसरली. उन्हाने तापलेले पत्रे टकटक वाजत होते. बाकी काही नाही. घामाने, डिझेलच्या वासाने प्रभाकरचा जीव गुदमरला. आणि त्याच वेळी त्याच्या मानेवरून गार वारा गेला. नाकात वास आला तो एझरा रोज नाकाला चोळायचे त्या मलमाचा आणि ओल्या लोकरीचा.

त्याने मान वर केली.

तिसऱ्या मजल्यावरच्या एका तपकिरी डब्ब्याच्या दारावर एक पांढरी रेघ होती. जमिनीपासून वीस-बावीस फुटांवर, जिथे शिडीशिवाय माणसाचा हात पोचत नाही. सकाळी त्याने अकराही दारं स्वतः पुसली होती. ही रेघ ताजी होती. ती सरळ खाली आली होती, शेवटाला डावीकडे वळली होती आणि तिला छोटं शेपूट होतं.

"तो..." प्रभाकरने बोट दाखवलं. "तो तपकिरी... तोच... काढ खाली."

कुंदनने वर पाहिलं. त्यालाही ती दिसली असावी, कारण एकही प्रश्न न विचारता त्याने मशीन सुरू केलं. त्याने डब्बा इतक्या हळू खाली टेकवला की धूळसुद्धा उडाली नाही.

दांडे तापून लाल व्हायचे बाकी होते. प्रभाकरने ते उघड्या हाताने ओढले. तळवा भाजला, त्याचा व्रण आजही आहे. दार उघडलं आणि आतून थंडी आली.

हो, थंडी. ती थंडी कोकणातली नव्हती. श्वास छातीत अडकवणारी, पातळ आणि कोरडी थंडी डब्ब्यातून बाहेर आली आणि उन्हात विरून गेली. आतल्या पत्र्यांवर पाणी डवरलेलं होतं. अगदी टोकाला, गोणपाटांच्या ढिगावर, जिथे सकाळी तापाने तिचा डोळा लागला असणार, साळू भिंतीला टेकून बसली होती. तिचे ओठ हलत होते.

अनंताने आणि प्रभाकरने तिला उचलून बाहेर सावलीत आणलं. अनंता पाण्यासाठी धावला. कुंदन गाडीसाठी फोन करत फाटकाकडे गेला. साळूने प्रभाकरची बाही धरली.

"सायेब... आतल्यांना काडा."

"आत कोणी नाही, साळू. तू एकटीच होतीस."

"नाय... दोगं हायत." तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "येक म्हातारा बाबा. माज्या कपालावर हात ठेवून बसला व्हता. गार हात... बर्फासारका. दोन बोटां आर्धीच हायत त्याची. म्हनला, पोरी, झोपू नको. झोपलीस का गेलीस. गिनती कर."

साळू येऊन आठ दिवस झाले होते. तिने एझरांना कधी पाहिलं नव्हतं.

"आणि दुसरा?"

"दुसरा कोपऱ्यात हुबा... मिलिटरीच्या कपड्यात. सगला भिजलेला. दात वाजत व्हते त्याचे. बोलतच नाय. बाबा म्हनला, पोरी, येक तू म्हन. दोन जो दार उगडील तो म्हनंल. तीन ह्याचा. चार माजा." ती धापा टाकत थांबली. "मी येक म्हनायची, आन आमी वाट बगायचो. परत येक. परत वाट. दोन कोन म्हनंच ना... सायेब, दार तुमी उगडलात ना?"

प्रभाकरने उघड्या दाराकडे पाहिलं. आत काळोख होता. डब्बा रिकामा होता, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

साळूने डोळे मिटले आणि म्हणाली, "येक."

यार्डात पुन्हा पानही हललं नाही. पळून जावं असं प्रभाकरला वाटलं, आणि पळालो तर जन्मभर पळत राहू असंही वाटलं. तो दाराकडे तोंड करून, शाळेतल्या पोरासारखा ताठ उभा राहिला.

"दोन," तो म्हणाला.

बराच वेळ काही झालं नाही. मग डब्ब्याच्या तळापासून, खूप लांबून, खूप उंचावरून आल्यासारखा, घसा बसलेल्या तरुण माणसाचा आवाज आला.

"तीन."

आणि त्यामागोमाग, अकरा वर्षं टेबलाच्या पलीकडून ऐकलेला, चहाने ओला झालेला, ओळखीचा आवाज.

"चार."

प्रभाकर तिथेच जमिनीवर बसला आणि मोठ्याने रडला. भीती होती, नाही कशाला म्हणा, पण भीतीपेक्षा मोठं काहीतरी होतं. एवढ्या उंचावरून कोणीतरी खाली उतरलं होतं आणि ते पाहायला देवाने त्याच्यासारख्या चुकार माणसाला उभं केलं होतं. अनंता पाणी घेऊन आला तेव्हा त्याला फक्त रडणारा साहेब दिसला. तो साळूसाठी रडतोय असं त्याला वाटलं, आणि ते काही खोटं नव्हतं.

गाडी आली. साळूला उचलण्याआधी प्रभाकरने तिला दारापाशी नेलं. रेघ अजून तिथेच होती. "ही तुझी," तो म्हणाला. "तूच पूस." तिने तळव्याने ती पुसली. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी दोनदा विचारलं की बाई खरंच अडीच तास आत होती का. तिचे हातपाय गार होते आणि तापही उतरला होता.

रविवारी सकाळी प्रभाकर सामानाची पिशवी घेऊन पनवेलला, तळ्यामागच्या गल्लीत, चेऊलकरांच्या बैठ्या घरी गेला. रूबीवहिनींनी चहा ठेवला. त्याने पिशवी टेबलावर ठेवली आणि चहा यायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. बाहीने पुसलेल्या रेघा आधी, बाकीचं नंतर.

"सुभेदारांना दिलेला शब्द मी मोडला, वहिनी. तुमच्यापुढे उभं राहायची माझी लायकी नाही."

रूबीवहिनींनी पिशवीतला फोटो काढून त्यावरून पदर फिरवला.

"तुला त्यांनी सांगितलं होतं ना, गोरखच्या वतीनं कुणीतरी तीन म्हणालं म्हणून?"

"हो."

"कुणीतरी नाही, प्रभाकर. हेच म्हणाले होते. चौथा नंबर ह्यांचाच होता. पुढेच असेल, घसा बसला असेल म्हणून तीन आणि चार दोन्ही हेच म्हणाले." त्यांचा आवाज स्थिर होता, डोळे नव्हते. "तो मुलगा सापडलाच नाही. हे दर वर्षी घाटावर त्याच्या आईला भेटायला जायचे. दर वर्षी ठरवून जायचे, आज सांगतो. आणि तिच्या हातची भाकरी खाऊन तसेच परत यायचे. सव्वीस वर्षं ह्या माणसाच्या अंगात ऊब आली नाही."

त्या उठल्या.

"ये," त्या म्हणाल्या. "तुला एक दाखवायचंय. मी कोणाला बोलले नाही. मुलांनाही नाही."

त्या त्याला बाहेरच्या दारापाशी घेऊन गेल्या. चौकटीवर पितळी मेझुझा चमकत होती. तिच्याखालचं लाकूड वर्षानुवर्षांच्या खडूने पांढुरकं झालं होतं.

"जानेवारीत हॉस्पिटलला निघताना ह्यांनी रेघ ओढली होती. स्ट्रेचर थांबवून ओढली. ती पुसायला हे आलेच नाहीत. मी ती तशीच ठेवली होती, कामवालीलाही हात लावू दिला नाही." त्यांनी प्रभाकरकडे पाहिलं. "गुरुवारी दुपारी मी पडले होते. अडीच वाजले असतील. मेझुझाला बोटं लागली की किणकिण होते ना, ती झाली. मला वाटलं ओमेर न सांगता आला. उठेपर्यंत पुन्हा किणकिण झाली. बाहेर आले तर कोणी नव्हतं. उंबऱ्यावर पाणी होतं. आणि हे..."

प्रभाकर वाकला. शेपूटवाल्या रेघेची जागा स्वच्छ पुसलेली होती. पुसणाऱ्या हाताचा ओला ठसा लाकडावर वाळला होता. तीन बोटं लांब, दोन आखूड.

"हे घरी आले," वहिनी म्हणाल्या. त्या रडत होत्या आणि त्यांचा चेहरा उजळला होता.

पण प्रभाकरची नजर त्या ठशाच्या शेजारी खिळली होती. तिथे दुसरी एक रेघ होती. नवी, सरळ, घाईत ओढलेली, शेपूट नसलेली. ह्या घरातून बाहेर पडणाऱ्याने ओढायची तशी.

"ही... ही कोणाची?"

"मी नाही ओढली." वहिनींचा आवाज खाली आला. "गोरखची आई आहे अजून. नव्वदीला आलीय. आधी तिला भेटायला गेला असेल... नाही का?"

प्रभाकरचा हात नकळत वर गेला. बाही पुढे झाली. वहिनींनी त्याचं मनगट घट्ट धरलं.

"नको. ज्याची आहे तो येईल पुसायला."

त्यांनी पिशवीतून लोकरीची कानटोपी काढली, ती झटकली आणि दाराच्या आतल्या खुंटीला, बाहेरून येणाऱ्याच्या हाताला लागेल अशी अडकवली. प्रभाकर निरोप घेऊन निघाला. गल्लीच्या टोकापर्यंत तो कान देऊन चालत गेला, पण मागे दाराला कडी घातल्याचा आवाज काही त्याला आला नाही.